जड स्पोर्ट-टुरर बदलावी की अंगाला बसवून घ्यावी?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ची यामाहा एफजेआर१३०० आहे, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान मोटरसायकल (स्पोर्ट-टुरर). इंजिनाबद्दल तक्रार शून्य. शाफ्ट (चेनऐवजी चाक फिरवणारा दांडा) असल्याने चेनची कटकट नाही, टाकी २५ लिटरची, आणि वरच्या गिअरला कितीही सामान लादलेलं असो, थ्रॉटल पिळला की गाडी निमूट ओढते. कुरकुर आहे ती माझ्या शरीराची. दीड-दोन तासांत माकडहाड ठणकायला लागतं, गुडघे आखडतात, उजव्या हाताला मुंग्या येतात. महामार्गावरच्या वेगाला हेल्मेट थरथरत राहतं आणि संध्याकाळी मान वळत नाही. त्यात गाडी २९० किलोच्या घरातली. जरा उतारावर तोंड करून लावली की मागे ओढताना घाम फुटतो.

उंची १६८ सेंमी. बायको अधूनमधून मागे असते.

मनात असलेल्या गाड्या: होंडा एनटी११००, यामाहा ट्रेसर ९ जीटी, सुझुकी जीएसएक्स-एस१०००जीटी, बीएमडब्ल्यू आर१२५०आरटी. की आहे त्याच गाडीला सीट, हँडल, स्क्रीन (समोरची वारा अडवणारी काच) वगैरे करून घ्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_चालक

विका आणि मोकळे व्हा. क्रूझ कंट्रोल नाही, वळणात काम करणारं एबीएस नाही. एफजेआरला क्रूझ आला तो २०१३ला, राइड-बाय-वायरसोबत (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसोबत). जुन्या गाडीत ओतलेला पैसा विकताना परत मिळत नाही. सीट, शॉक, स्क्रीन, रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) यांची बेरीज मांडा, निम्मी हौस तिथेच फिटेल.

तेलकट_हात

खडूसराव, थांबा जरा. लांबपल्ला, दुखणं नवीन गाडीवरही तुमच्यासोबत येऊ शकतं, म्हणून आधी एवढं सांगा:

सीट वरच्या खाचेत आहे की खालच्या? २००६पासूनच्या एफजेआरला ८०५ आणि ८२५ मिमी अशा दोन उंची मिळतात. हँडलही तीन जागी बसतं, तुमचं कुठे आहे? मागच्या शॉकचा खटका हार्डवर आहे की सॉफ्टवर? टायर किती जुने, मागचा मधोमध सपाट झालाय का? मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मध्यावर किंचित अडकल्यासारखं वाटतं का?

लांबपल्ला

सीट खालच्या खाचेत, पाय टेकायला बरं म्हणून. हँडल जसं आलं तसंच. खटका सॉफ्टवर. मागचा टायर मध्ये सपाट झालाय, बोटांना कडा लागते. हँडल मध्यावर हलकंसं अडकतं, हे आजच लक्षात आलं.

तेलकट_हात

मग तुम्ही सध्या एफजेआर चालवतच नाही आहात. अडकणारा कोनसेट (हँडल फिरतं त्या मानेतली बेअरिंगं) आणि सपाट टायर मिळून गाडी आहे त्याहून जड वाटते. सरळ जाताना बारीक बारीक सावरावी लागते, वळणात घालताना ढकलावी लागते, आणि ते सगळं काम मनगटं आणि खांदे करतात. कोनसेट, टायर आणि फोर्क ऑइल (पुढच्या शॉकमधलं तेल) एवढं झाल्याशिवाय गाडी वाईट की चांगली हे ठरवूच नका. टायर घेताना वजनदार टुररसाठीचा प्रकार घ्या. बऱ्याच स्पोर्ट-टुरिंग टायरांच्या नावापुढे जीटी लागलेली आवृत्ती असते, तिची बांधणी जास्त भार धरून केलेली असते.

खटक्याचं नंतर सविस्तर लिहितो.

मीनल_फिजिओ

धागा वाचत होते, राहवलं नाही म्हणून टंकते. मी स्वतः छोटी गाडी चालवते, पण बसण्याची दुखणी रोज बघते.

‘बूड दुखतं’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. बसल्यावर खाली टोचतात ती दोन हाडं दुखत असतील तर सीटचा फोम दबून खाली लागलाय किंवा सीट अरुंद पडतेय. माकडहाड दुखत असेल तर ओटीपोटाचं हाड मागे कललंय, पाठीला पोक आलाय आणि वजन टोचणाऱ्या हाडांवरून मागे सरकलंय. लांबपल्ला यांचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतं.

ते मागे का कलतं, याचं उत्तर बहुतेक वेळा गुडघ्यात असतं. गुडघा वर येऊन खुब्याचा सांधा जितका जास्त दुमडेल तितके कुल्ल्याचे स्नायू ताणले जातात आणि ओटीपोट मागे खेचतात. सीट खालच्या खाचेत म्हणजे सीट आणि फूटपेग (पाय ठेवायची खुंटी) यांच्यातलं अंतर २० मिमीने कमी. गुडघे आखडणं आणि माकडहाड ठणकणं ही दोन दुखणी नसून एकाच अंतराची दोन टोकं असावीत. पाय नीट टेकावेत म्हणून सीट खाली केली, तर सिग्नलच्या दोन मिनिटांसाठी दिवसभराची बैठक बिघडते.

हाताचं. मुंग्या कोणत्या बोटांना? करंगळी आणि अनामिकेला येत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगट वाकून मधली नस चेपतेय. दोन्हींवर उपाय वेगळे. आणि गाडीवरून उतरल्यावरही रात्रीपर्यंत बधिरपणा राहिला, किंवा पायातही मुंग्या उतरल्या, तर धाग्यावर उत्तर शोधू नका, डॉक्टरांकडे जा.

लांबपल्ला

मीनलताई, अंगठा आणि पुढची दोन बोटं. फक्त उजव्या हाताला. उतरल्यावर काही मिनिटांत जातं.

मीनल_फिजिओ

मग गाडीवर बसून ब्रेक लिव्हरवर बोटं ठेवा आणि बाजूने कोणाला तरी फोटो काढायला सांगा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ दिसायला हवी. लिव्हर वर असेल तर मनगट मागे मुडपतं. दिवसभर थ्रॉटल धरून ते तसंच मुडपलेलं राहतं, वर तुम्ही मूठ घट्ट आवळता.

तेलकट_हात

आणि हे फुकटातलं काम आहे. लिव्हरचा क्लॅम्प सैल करायचा, लिव्हर जरा खाली फिरवायचा, पुन्हा आवळायचा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना, ब्रेक ऑइलची टाकी फार तिरकी होत नाही ना, एवढं बघा. थ्रॉटलवर तळवा टेकवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, तीही चालते. मात्र गर्दीत ती काढून ठेवा. तळवा चुकून दाबला जाऊन थ्रॉटल उघडतो.

आता हँडल. सगळे आधी रायझर लावायला धावतात. हँडल उंच आणि मागे आलं की मनगटावरचं वजन कमी होतं, हे खरं. पण ते वजन हवेत विरत नाही, बुडावर येतं. किंचित पुढे झुकलेलं अंग खड्ड्याचा दणका पाठीच्या बाकातून जिरवतं, ताठ बसलेलं अंग तो सरळ मणक्यातून वर पाठवतं. तुमचं मुळात माकडहाड दुखतंय. तुम्ही रायझर शेवटी लावा, किंवा लावूच नका. लावलेच तर २०-२५ मिमीच्या वर जाताना क्लचचा होज आणि वायरिंगची लांबी तपासावी लागते. हँडल या टोकापासून त्या टोकाला वळवून बघितल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

खटक्याबद्दल. एफजेआरच्या मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) हार्ड-सॉफ्ट अशा दोनच जागी जातो. सॉफ्टवर, पॅनियर (बाजूच्या पेट्या) भरलेले आणि मागे माणूस, म्हणजे गाडीचं बूड खाली बसतं. पुढचं नाक वर, हेडलाइट आकाशात, वळताना गाडी रुंद जाते, आणि खड्ड्यात शॉक तळाला लागला की तो धक्का तुम्हालाच. आंधळेपणाने हार्डही करू नका, मोजा. गाडीचं मागचं बूड उचलून चाक पूर्ण लोंबकळू द्या. अॅक्सलपासून बरोबर वर बॉडीवर चिकटपट्टीची खूण करून अंतर मोजा. मग जॅकेट, हेल्मेट घालून, पाय पेगवर ठेवून बसा, दोघांना तोल धरायला सांगा आणि तिसऱ्याने तेच अंतर मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. रस्त्यावरच्या गाडीला साधारण ३० ते ४० मिमी ठीक. खटका हार्डवर टाकूनही ५० येत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे किंवा शॉक संपलाय.

वाचकमात्र

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). गुडघ्यांसाठी फूटपेग खाली घेणाऱ्या प्लेट मिळतात, त्या कशा? सीट वर करण्यापेक्षा ते सोपं नाही का?

तेलकट_हात

सोपं आहे, पण पेग २५ मिमी खाली आला की वळणात तेवढा लवकर रस्त्याला घासतो. निवांत चालवणाऱ्याला फरक पडत नाही. पेग हलवला की गिअरचा आणि मागच्या ब्रेकचा पेडल पुन्हा जुळवायचा, नाहीतर घोटा वाकडा राहून नवं दुखणं सुरू.

लांबपल्लांसाठी माझा कौल सीट वरच्या खाचेत टाकून तिचं नाक दोन्ही बाजूंनी तासून घेण्याला. पाय टेकतो की नाही हे नुसत्या उंचीवर ठरत नाही, मांड्या किती फाकतात यावरही ठरतं. चार सिलिंडरच्या गाडीची सीट पुढे रुंद असते. तिथे दोन्हीकडून बोटभर फोम गेला तरी चवड्यांऐवजी जवळजवळ पूर्ण पाऊल टेकतं. बसायची जागा मात्र मागे रुंदच राहू द्यायची. आणि तिचा उतार बघा. बसल्यावर टाकीकडे घसरत असाल तर दर पाच मिनिटांनी मागे सरकावं लागतं आणि ते सरकणं हातांच्या जोरावर होतं. कारागिराला सांगून बैठक सपाट किंवा नावापुरती मागे कललेली करून घ्या.

खडूस_चालक

जेलची गादी टाका की वरून. सगळे टाकतात.

तेलकट_हात

शोरूममध्ये बोट दाबून बघितलं की जेल छान वाटतं. उन्हात उभी केलेली गाडी तासाभराने घ्या आणि बसा, मग सांगा. जेल उष्णता धरून ठेवतं. लांबच्या प्रवासाला सीट हाताला थोडी कडकच लागायला हवी. मऊ फोम सुरुवातीला लाड करतो, मग हाडं खालच्या प्लास्टिकवर जातात. खाली दाट फोम, वर पातळ मऊ थर, आणि वजन जास्तीत जास्त जागेवर पसरेल असा खोलगट आकार. रेक्झिनचा शिवणीचा काठ मांडीखाली येऊ देऊ नका, पावसात तिथूनच पाणी आत जातं.

अनुजा_प

वाऱ्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. मी आरटी चालवते, त्याआधी होंडाची एसटी१३०० होती.

लांबपल्ला, तुमची स्क्रीन इलेक्ट्रिक आहे. हेल्मेट थरथरतं तेव्हा ती वर असते की खाली? बहुतेक वर असणार. उंच स्क्रीनमागे हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला बाजूंनी आणि खालून हवा गोल फिरत आत शिरते, पाठीत ढकलते आणि वरून तुटणारा प्रवाह नेमका हेल्मेटच्या कपाळावर आदळतो. वारा त्रास देतो म्हणून माणूस आणखी उंच स्क्रीन घेतो आणि पोकळी मोठी होते.

मोकळ्या सरळ रस्त्यावर, एका ठरावीक वेगाला, स्क्रीन पूर्ण खाली करून बघा. छातीवर वारा येईल, पण डोक्याला लागणारी हवा सरळ, न तुटलेली असेल. मान शांत झाली तर दोष वाऱ्याचा नाही, गोंधळलेल्या वाऱ्याचा आहे. मग डावा हात सपाट धरून स्क्रीनच्या काठावरून हळूहळू वर न्या. जिथे तळवा फडफडायचा थांबतो, ती स्वच्छ हवेची पातळी. ही पातळी हनुवटीखाली तरी यायला हवी किंवा हेल्मेटच्या पुरती वर तरी जायला हवी. हेल्मेटच्या मधोमध आली की मेलात.

स्क्रीनच्या खालच्या काठाशी हवा आत सोडणारी फट असेल तर मागची पोकळी भरते आणि मागून ढकलणंही कमी होतं. काठावर चिमट्याने बसणारी छोटी पट्टी मिळते. ती आडवी, मागेपुढे करून बघता येते, नवी स्क्रीन घेण्याआधी तोच प्रयोग करा. आणि कोणाच्या ‘ही स्क्रीन एकदम शांत आहे’ यावर जाऊ नका. तो सहा फुटी असेल, त्याचं हेल्मेट वेगळं असेल, त्याची सीट तासलेली असेल. आणि हो, तुम्ही सीट २० मिमी वर घेतलीत की डोकंही २० मिमी वर जाणार. म्हणून आधी सीट, मग स्क्रीन.

कानात इअरप्लग घालता का? शंभरच्या पुढे हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबल सहज ओलांडतो. कारखान्यात ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. संध्याकाळचा अर्धा थकवा कानातून येतो. हॉर्न, इंजिन ऐकू येतंच, उलट जास्त स्पष्ट येतं.

सर्किट

तापणारी ग्रिप, जॅकेट, जादा दिवे यांपैकी काही मनात असेल तर आधी अल्टरनेटरची क्षमता मॅन्युअलमध्ये बघा. तापणारं जॅकेट एकटंच ७५ ते १०० वॅट खातं. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, मध्ये कुठेतरी नको. रिले इग्निशनवर चालणारा, म्हणजे गाडी बंद केली की सगळं बंद. वायर हँडलच्या मुळाशी वळते तिथे ढिली सोडा. बहुतेक वायरी तिथेच तुटतात. कॅन-बस (संगणकाने नजर ठेवलेलं वायरिंग) असलेल्या बीएमडब्ल्यूवर दिव्याच्या वायरला टाचणी मारून करंट घेऊ नका, गाडी तक्रार करते.

अनुजा_प

पिलियनचं, म्हणजे मागे बसणाऱ्याचं, राहिलं. बायकोला विचारा, तिला मागे कुठे दुखतं ते. टॉपबॉक्सला (सीटमागच्या पेटीला) पाठ टेकते म्हणून सगळे टॉपबॉक्स लावतात, पण तो मागच्या अॅक्सलच्या मागे लोंबतो. त्यात जड सामान भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डोलायला लागतं. पाण्याच्या बाटल्या, अवजारं खाली पॅनियरमध्ये पुढच्या बाजूला, रेनकोट आणि जाकिटं वर. टॉपबॉक्सवर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती खोटी नसते.

आरटीबद्दल. भरल्या टाकीने २७९ किलो, म्हणजे एफजेआरहून फारशी हलकी नाही. पण बॉक्सर इंजिन खाली आडवं असल्याने हालवताना तेवढी जाणवत नाही. ब्रेक मारला की टेलिलिव्हरमुळे (पुढच्या सस्पेन्शनच्या खास रचनेमुळे) नाक खाली बुडत नाही आणि पिलियनचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटत नाही. या एका गोष्टीसाठी घरातून मंजुरी मिळते! वारा अडवण्यात तिच्या तोडीची गाडी तुमच्या यादीत नाही. उणं काय, तर सिलिंडर पुढे असल्याने पाय लांब करता येत नाहीत.

लांबपल्ला

मंडळी, अहवाल. कोनसेट बदलला, टायर नवे टाकले. लिव्हर खाली फिरवला. सीट वरच्या खाचेत, नाक तासून घेतलं, उतार काढला. सॅग सॉफ्टवर ५२ मिमी आला, हार्डवर ४१. स्क्रीन आता बहुतेक वेळ खालीच, कानात प्लग.

मुंग्या गेल्या. मान संध्याकाळी माझीच वाटते. माकडहाड अजून बोलतं, पण जेवणाच्या सुट्टीनंतर. गुडघ्यांना फरक आहे. अनुजा, बायकोला हार्डवर जास्त बरं वाटलं. मला वाटलं होतं उलटं होईल.

आता खरी गोची. सीट वर गेल्यावर गाडी चालवायला छान झाली, उभी करायला भीतीदायक. चवडे टेकतात, पण सामानासकट एवढं वजन चवड्यांवर धरवत नाही. एकदा खडीवर थांबताना सगळा जीव डाव्या पायात गोळा झाला.

खडूस_चालक

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच. विका.

मीनल_फिजिओ

खडूस, निष्कर्ष तोच, पण कारण वेगळं. त्यांची यादीच आता बदलली बघा. गाडी हलकी असली की उंच सीट परवडते, उंच सीट परवडली की गुडघे सुटतात. वजन हा आरामाचाच भाग निघाला.

तेलकट_हात

मीनलताईंना अनुमोदन. या चारही गाड्यांच्या सीटची उंची ८०५ ते ८२५च्या आसपासच आहे, त्यामुळे तो आकडा बघून काही ठरत नाही. वजन बघा: ट्रेसर ९ जीटी २२०, जीएसएक्स-एस१०००जीटी २२६, एनटी११०० साध्या गिअरबॉक्सची २३८. तुमच्या एफजेआरपेक्षा पन्नास ते सत्तर किलो कमी. बदल्यात तिन्हींना चेन. टाकी १८ ते २० लिटरची. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करणाऱ्याला २५ लिटर लागतात कशाला, हा माझा जुना वाद आहे.

जीएसएक्स-एस यादीतून काढा. गाडी झकास, पण तुमच्या गुडघ्यांसाठी नाही. ट्रेसरचं तीन सिलिंडरचं इंजिन फार मजेशीर आहे, वरच्या आरपीएमला थोडी झिणझिण हातात येते, मुंग्यांचा इतिहास असलेल्याने ती तपासावी. एनटी११०० त्यामानाने सपक, पण बैठक ऐसपैस. तिला क्लचचा लिव्हर नसलेली डीसीटीची (आपोआप गिअर बदलणारी) आवृत्तीही आहे, दहा किलो जास्त. डाव्या हातालाही आराम हवा असेल तर ती बघा.

टेस्ट राइड मात्र दहा मिनिटांची घेऊ नका. दहा मिनिटांत प्रत्येक सीट चांगली असते. दिवसभरासाठी भाड्याने मिळाली तर उत्तम. सोबत स्वतःचं हेल्मेट, स्वतःचं जॅकेट, मागे बायको. महामार्गाच्या वेगाला तासभर, आणि शेवटी दमलेलं असताना गाडी उतारावर लावून मागे ओढून बघायची.

लांबपल्ला

एनटी आणि आरटी दोन्ही दिवसभर घेतल्या. आरटीवर वाऱ्याचं सुख अनुजा म्हणतात तसंच. पण थकल्यावर मागे ओढताना पुन्हा तोच घाम. एनटीवर दोन्ही पाय टेकत नाहीत, एक पूर्ण टेकतो आणि त्याने भागतं. बायकोचं मत अर्थातच आरटीला. वाटाघाटीनंतर एनटी ठरली, तिच्यासाठी पाठ टेकायला टॉपबॉक्सच्या अटीवर.

जुन्या गाडीवरचं काय काय काढून नव्या गाडीला वापरता येईल?

तेलकट_हात

अभिनंदन! तासलेली सीट बसणार नाही, पॅनियर बसणार नाहीत, पण पॅनियरच्या आतल्या पिशव्या बहुतेक बसतात. नॅव्हिगेशनचा माउंट चालेल, हँडलच्या नळीचा व्यास जुळतो का बघा. २२ मिमी आणि जाड २८.६ मिमी असे दोन प्रकार असतात. रिले, फ्यूजसकट वायरिंगचा जुडगा काढून घ्या, नवीन विकत घेण्याची गरज नाही. स्क्रीनवरची चिमट्याची पट्टीही ठेवा, एनटीवर लागेलच.

एफजेआर विकताना मूळ सीटचा फोम असेल तर तो घालून द्या. तासलेली सीट तुमच्या उंचीची आहे, घेणारा सहा फुटी निघाला तर तो त्याचेच पैसे पाडून मागेल. नव्या कोनसेटची आणि टायरची पावती मात्र समोर ठेवा.

नव्या गाडीवर पहिले काही आठवडे काहीही लावू नका, टॉपबॉक्स सोडून. तो करार आहे.